पाऊस आला, असं नाचणीला वाटलं!

दोस्ता, तळहात पुढे कर बघू. आता डोळे मिट. मी तुझ्या हातावर चिमूटभर काहीतरी ठेवते. हं, उघड डोळे!

काय आहे हे? मोहरीएवढे बारीक, विटकरी रंगाचे, गोलमटोल दाणे. हात जरासा तिरका केलास की निघाले घरंगळत! पकड, पकड!

ओळखलंस? नाचणी! तू नाशिकच्या डोंगरात राहत असशील तर म्हणशील, ही तर आमची नागली. कर्नाटकातला दोस्त म्हणेल, रागी. गोव्यातल्या मैत्रिणीला तर नाचणी म्हटलं की नारळाचा रस आणि गूळ घातलेलं तिझाण आठवेल आणि तोंडाला पाणी सुटेल!

आधी एक गणित घालू? नाचणीचे साधारण ४०० दाणे तराजूत टाकले, की कुठे १ ग्रॅम भरतो. समज, तुझ्या मुठीत ४० ग्रॅम नाचणी मावली. मग मुठीत दाणे किती? ४०० गुणिले ४०. म्हणजे १६,०००! तुझ्या अख्ख्या शाळेत एवढी मुलं नसतील. आणि इथे एका मुठीत दाटीवाटीने बसलीत!

पण खरी गंमत आहे दाण्याच्या पोटात.

फळ्यावरचा खडू, अंड्याचं कवच, समुद्रावरचे शंख आणि तुझे दात. या सगळ्यांत सारखं काय? पांढरा रंग, बरोबर. आणि दुसरं म्हणजे कॅल्शियम! तुझी हाडं सध्या भराभर वाढतायत. भिंत बांधायला विटा लागतात, तसं हाडं बांधायला कॅल्शियम लागतं. ‘दूध पी, दूध पी’ म्हणून घरातले मागे लागतात ना, ते त्यासाठीच.

आता अंदाज कर हं. १०० ग्रॅम तांदळात साधारण १० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मग १०० ग्रॅम नाचणीत किती असेल? वीस? पन्नास? शंभर?

साधारण ३५० मिलिग्रॅम! तांदळाच्या तीसपट तर नक्कीच! एवढ्याशा दाण्यात!

म्हणजे नाचणी पोटात गेली की काम फत्ते? थांब, थांब. एक अडचण आहे. या खजिन्याला कुलूप आहे!

असं बघ. सहलीला जाताना आई डबा भरून देते. घट्ट झाकणाचा. का? वाटेत दुसऱ्याच कुणी तो उघडू नये म्हणून. नाचणीचा दाणाही तसाच डबा आहे. आतमध्ये एक इवलंसं बाळरोप झोपलंय. उद्या पाऊस पडेल, ते जागं होईल, तेव्हा त्याला खायला लागेल. म्हणून नाचणीच्या झाडाने त्याच्यासाठी शिदोरी बांधून ठेवलीय. त्या शिदोरीत फायटिक आम्ल नावाचा एक पदार्थ असतो. तो कॅल्शियमला, लोहाला घट्ट धरून बसतो. सहजासहजी सोडतच नाही. आणि आपल्या पोटाकडे या कुलुपाची किल्ली जवळजवळ नाहीच!

मग किल्ली कुणाकडे? सांग, सांग!

खुद्द नाचणीकडे! बाळरोप जागं झालं की तेच आपलं कुलूप उघडतं. पण ते जागं होणार कधी? पाऊस आल्यावर.

आणि इथेच माझी आजी नाचणीला फसवायची!

माझी आजी कोकणातली. संध्याकाळी दिवा लावला की ती नाचणी निवडायला बसायची. खडे काढायचे, तीन-चार पाण्यांनी धुवायची, आणि पातेल्यात भिजत घालायची. दाण्यांना काय वाटणार? ‘अरेच्चा, पाऊस आला!’ सकाळी पाणी ओतून द्यायचं, दाणे सुती फडक्यात घालायचे, गाठ मारायची आणि पुरचुंडी खुंटीला टांगायची. खाली वाटी. टप, टप, टप. मध्ये मध्ये आजी पुरचुंडीवर पाण्याचा हबका मारायची. ‘पाऊस अजून चालूच आहे बरं!’

दुसऱ्या दिवशी मी सारखी जाऊन पुरचुंडीला हात लावायचे. आणि काय सांगू! ती चक्क कोमट लागायची! आत चूल पेटवल्यासारखी. हजारो दाणे एकदम जागे झाले, सगळ्यांनी श्वास घ्यायला सुरुवात केली, की ऊब तयार होणारच. मैदानावर पळून आल्यावर तुझं अंग गरम होतं ना, तसंच.

मग आजी गाठ सोडायची. आधी यायचा वास, ओल्या मातीसारखा आणि थोडा गोडसर. मग दिसायचे मोड! प्रत्येक विटकरी दाण्यातून दोऱ्यासारखा पांढरा कोंब बाहेर आलेला. एकमेकांत असे गुंतलेले की एक दाणा उचलावा तर सगळी गादीच हातात यायची.

दाण्याच्या आत मात्र नुसती धांदल! पाणी आत शिरलं, बाळरोप जागं झालं आणि दाण्यात विकरं कामाला लागली. विकरं म्हणजे काय? शरीरातले, बियांमधले इवले इवले कामगार. प्रत्येकाकडे एकच काम. फायटेज नावाचं विकर फायटिक आम्लाचं कुलूप उघडतं. कॅल्शियम आणि लोह मोकळं व्हायला लागतं.

दुसऱ्या कामगाराचं नाव अमायलेज. लक्षात ठेव हं, हा पुढे पुन्हा भेटणार आहे! दाण्यात जे पीठ असतं, ते असतं साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्यांचं. तुम्ही एकमेकांचे शर्ट धरून आगगाडी करता ना, तशी आगगाडी. अमायलेज म्हणजे कात्री. ती आगगाडीचे तुकडे करते. कच, कच, कच! तुकडे छोटे झाले की ते गोड लागतात. म्हणून मोड आलेल्या नाचणीचा एक दाणा चावून बघितलास तर तो कोरड्या दाण्यापेक्षा गोड लागेल.

(आणि मटकीची गंमत माहीत आहे? कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. मोड आले की ते नव्याने तयार होतं. आदल्या रात्री डब्यात नव्हतं आणि दोन दिवसांनी आहे. जादूच!)

मोड आले की आजी नाचणी सावलीत वाळवायची, मंद आचेवर जराशी भाजायची, जात्यावर दळायची आणि पातळ कापडातून गाळायची. त्या वस्त्रगाळ पिठाला म्हणतात नाचणीचं सत्त्व. ते कुणासाठी? घरातल्या सगळ्यात छोट्या माणसासाठी. बाळासाठी!

बाळासाठीच का? आता मला सगळ्यात आवडणारा भाग आला.

साध्या नाचणीचं पीठ पाण्यात शिजवलं की काय होतं? घट्ट होतं. पतंग चिकटवायच्या खळीसारखं. नुकतंच पेज खायला लागलेलं बाळ ते गिळणार कसं? मग आपण काय करणार? पाणी घालणार. पेज पातळ झाली. पण बाळाचं पोट केवढं? त्याच्या चिमुकल्या मुठीएवढं! ते पाण्यानेच भरलं. बाळ पुन्हा भुकेलं!

आता मोड काढलेल्या नाचणीचं सत्त्व घे. कात्रीने आगगाड्या आधीच कापल्यात. त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी पेज पातळच राहते. छोट्याशा पोटात जास्त खाणं मावतं!

आज्यांना हे ठाऊक होतं. पुढे शास्त्रज्ञांनी ते मोजून पाहिलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात संशोधकांनी घट्ट पेजेत मोड आलेल्या धान्याचं अगदी थोडं पीठ कालवलं. आणि बघता बघता ती घट्ट पेज पातळ झाली! वर एक थेंबही पाणी न घालता!

आता आमच्या घरात डोकावून बघ. नाचणी एकच, पण प्रत्येकाच्या ताटात ती वेगळी.

बाळाला सत्त्वाची पेज. शेतातून उन्हातान्हात आलेल्या काकांना आंबील. म्हणजे नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, मीठ-जिरं घालायचं आणि गार झालं की तांब्याभर प्यायचं. काकांच्या अंगातून घाम गेलेला असतो. घाम चाटून पाहिलायस कधी? खारट असतो! म्हणजे काकांना पाणीही हवं आणि मीठही. आंबिलीत दोन्ही. बाळंतीण आत्याला नाचणीचे लाडू, तूप आणि गूळ घातलेले. दात पडलेल्या आजोबांना ताकात कुस्करलेली मऊ भाकरी. आणि आम्हा पोरांना? तीच भाकरी, चुलीवर टम्म फुगलेली, वर लोण्याचा गोळा! आणि उन्हाळ्यात पापड. पापड वाळायच्या आतच निम्म्या लाट्या आम्ही खाऊन टाकायचो.

आजीने कुणासाठी तक्ता केला नव्हता. तिच्याकडे एकच शब्द होता. मानवणं. ‘तिला दूध मानवत नाही, ताक दे.’ ‘त्याला रात्री जड मानवत नाही.’ मानवणं म्हणजे अंगाला बरं लागणं, पोटाला पटणं. केवढा छान शब्द आहे! आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ शोधतायत की कुठल्या माणसाला कुठलं अन्न मानवतं आणि का.

पण एकाला मानवतं ते दुसऱ्याला का मानवत नाही? चल, याचा पुरावा तुझ्याच तोंडात आहे!

भाकरीचा एक घास घे. भाजी नको, चटणी नको. कोरडा घास. आता चाव आणि मोज. एक, दोन, तीन... गिळायचं नाही हं! वीस, पंचवीस, तीस... काय झालं? गोड लागायला लागलं!

साखर कुणी घातली? कुणीच नाही! तुझ्या थुंकीत कात्री आहे. तिचं नाव काय असेल? अमायलेज! नाचणीच्या दाण्यात भेटला होता तोच कामगार, म्हणजे त्याचा भाऊच म्हण ना. तो तुझ्या तोंडातही आगगाड्या कापत बसलाय.

आणि आता कान इकडे कर. ही कात्री सगळ्यांकडे सारखी नसते!

तुझ्या शरीरात पेशीपेशीत एक वही असते. कृतींची वही. आजीच्या वहीत लाडवांची कृती असते ना, तशी. या वहीचं नाव डीएनए. नाक कसं बनवायचं, केस कसे बनवायचे, सगळं त्यात लिहिलेलं. तोंडातलं अमायलेज कसं बनवायचं, हेही. पण काहींच्या वहीत ही कृती दोनदाच लिहिलेली असते आणि काहींच्या वहीत दहा-दहादा! जितक्या जास्त वेळा लिहिलेली, तितकी साधारणपणे थुंकीत कात्री जास्त.

आफ्रिकेतल्या टांझानिया देशात हाडझा नावाचे लोक राहतात. ते रानात कंद खणून खातात. कंद म्हणजे रताळ्यासारखं पिठूळ अन्न. त्याच देशात दातोग लोक आहेत. ते गुरं पाळतात, दूध पितात. २००७ साली शास्त्रज्ञांनी दोघांच्याही वह्या तपासल्या. राहतात एकाच देशात! पण कंद खाणाऱ्या हाडझांच्या वहीत अमायलेजची कृती सरासरीने जास्त वेळा लिहिलेली निघाली. जणू पणजोबांच्या पणजोबांचं ताट त्यांच्या वहीत उतरलं होतं!

दुधाचंही तसंच. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती कापायची कात्री बाळांकडे असतेच. पण मोठं होता होता जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांत ती कमी होत जाते. मग दूध प्यायलं की पोट गुडगुडतं. तुझ्या वर्गातही असं कुणी असेल. त्याला चिडवू नकोस, त्याच्या वहीत तसं लिहिलंय! त्याला दही-ताक मानवू शकतं, कारण दही लावलं की त्यातले जिवाणू ती साखर थोडी आधीच खाऊन टाकतात.

आणि काही मुलांना तर गहू मुळीच चालत नाही. गव्हात ग्लुटेन असतं, त्याने त्यांचं आतडं दुखावतं. नाचणीत ग्लुटेन नाहीच! हे तुला डोळ्यांनीही दिसेल. कणकेचा गोळा ओढला की रबरासारखा लांब होतो. नाचणीच्या पिठाचा गोळा ओढून बघ. तुटला! म्हणून तर भाकरीचं पीठ गरम पाण्यात उकड काढून मळतात. गरम पाण्याने पीठ चिकट होतं, खळीसारखंच, आणि मग भाकरी थापता येते. (पण डॉक्टरांनी तुला एखादी गोष्ट खायला नको सांगितली असेल, तर ते ऐकायचं. तिथे प्रयोग नकोत.)

हो, आणि भाकरीबरोबर लिंबाची फोड विसरू नकोस. धान्यातलं लोह फार लाजाळू असतं. नव्या शाळेत आलेल्या मुलासारखं दारातच घुटमळतं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याचा हात धरून त्याला आत घेऊन जातं!

दुकानातली नाचणीची बिस्किटं मात्र जरा उलटीपालटी करून बघ. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. जे सर्वांत जास्त घातलंय, त्याचं नाव सर्वांत आधी. पहिलं नाव नाचणीचं आहे की मैद्याचं? मला बहुतेक पाकिटांवर नाचणी शोधायला बोट बरंच खाली न्यावं लागलं!

बरं, ही आपली नाचणी मूळची कुठली असेल? कोकणातल्या वरकस जमिनीत, डोंगरउतारावर, नुसत्या पावसाच्या पाण्यावर ती अशी डुलते की वाटतं, इथेच जन्मली. पण ती आली आफ्रिकेतून! इथिओपिया, युगांडाच्या डोंगरांतून, हजारो वर्षांपूर्वी. तिथे ती आजही आहे. केनियातली तुझ्याएवढी मुलं सकाळी तिचीच पेज पितात. तिला ती म्हणतात उजी!

आणि पुढचं तर गोष्टीतल्यासारखं आहे. कर्नाटकात लक्ष्मणय्या नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी भारतातली नाचणी आणि आफ्रिकेतली नाचणी यांचा संकर केला. हजारो वर्षांनी भेटलेल्या चुलत बहिणीच म्हण! त्यातून भरपूर पिकणारे वाण तयार झाले. त्यांचं नाव काय ठेवलं असेल? इंडिया अधिक आफ्रिका... इंडाफ!

अशा बियांची काळजी घेणारं माणूस आपल्याकडेही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण वाल, घेवडा, भात अशा कितीतरी गावरान पिकांचं बी त्यांनी जपलं, वाढवलं आणि शेतकऱ्यांना वाटलं. त्यांच्याकडे बियांची बँक आहे! बँकेत पैसे ठेवतात, तसं त्या बी ठेवतात. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी हरवलं तर ते खाणंच हरवतं, दोस्ता. मग आजीला कृती कितीही पाठ असो, शिजवणार काय?

म्हणून तुला एक काम देते. आज संध्याकाळी मूठभर नाचणी भिजत घाल. सकाळी फडक्यात बांध, खुंटीला टांग, दिवसातून चार-पाचदा पाण्याचा हबका मार. पुरचुंडी कोमट लागली की घरातल्या सगळ्यांना बोलावून हात लावायला दे. आणि आजी असेल तर तिला विचार, ‘तुमच्याकडे कुणाला काय मानवायचं?’ मग वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बस. ती सांगेल ते सगळं लिहून घे, तिच्याच शब्दांत.